टोकियोतल्या सुशी-काउंटरवर पहिल्यांदा जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी टोकियोत राहतो. साकुराच्या (चेरीच्या बहराच्या) दिवसांत आणि दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून ओळखीची माणसं येतात, ओळखीच्यांच्या ओळखीची येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना एकदा तरी ‘खऱ्या’ सुशीला जायचं असतं. त्यांचे ठरावीक प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं गिन्झा या शहरातल्या महागड्या भागातल्या आणि आसपासच्या महागड्या दुकानांना धरून आहेत, जिथे आठ-दहा खुर्च्या, एक लाकडी काउंटर आणि पलीकडे एक माणूस असतो. एक गोष्ट लक्षात ठेवली की निम्मे नियम न सांगता कळतात: तिथला मासा तुमची खुर्ची मोजून आणलेला असतो.

सुशी म्हणजे कच्चा मासाच ना?

नाही. सुशी म्हणजे व्हिनेगर आणि मीठ लावलेला भात, आणि त्याच्या जोडीला काहीतरी. भाताशिवाय नुसता कापलेला मासा म्हणजे साशिमी. उकडलेली कोळंबी, शिजवलेली वाम, अंड्याची वडी, या सगळ्यांची सुशी होते.

टोकियोच्या शैलीला एदोमाए म्हणतात. एदो हे शहराचं जुनं नाव; एदोमाए म्हणजे एदोच्या पुढ्यातलं, म्हणजेच समोरच्या आखातातलं. भाताच्या मुटक्यावर मासा ठेवून हाताने दाबलेली निगिरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे रुजली, आणि तिच्याशी हानाया योहेई या आचाऱ्याचं नाव जोडलं जातं. तेव्हा ती गाड्यावर उभ्याउभ्या खायची वस्तू होती, आपल्याकडे वडापाव खातात तशी, आणि एकेक निगिरी आजच्यापेक्षा बरीच मोठी असे. फ्रिज नव्हता, त्यामुळे मासा टिकवायला कुणी मीठ लावलं, कुणी व्हिनेगरमध्ये बुडवला, कुणी सोया सॉसमध्ये मुरवला. आज फ्रिज आहे, तरी ही कामं सुटली नाहीत, कारण त्यांच्यामुळे चव येते हे तोवर कळलं होतं. महागड्या दुकानात तुम्ही पैसे मोजता ते मुख्यतः या कामाचे.

पट्ट्यावर फिरणारी सुशी स्वस्त असते. मग इथे एवढे पैसे का द्यायचे?

फिरत्या पट्ट्याची कल्पना १९५८ साली ओसाकाजवळ शिराइशी योशिआकी यांनी आणली, आणि तिच्यामुळे सुशी पुन्हा सामान्य माणसाच्या खिशात आली. ती दुकानं वाईट नाहीत. मुलांना घेऊन मी तिथेच जातो.

काउंटरवर फरक पडतो तो माणसाचा. मालक-आचारी, ज्याला इथे ताइशो म्हणतात, तोयोसुच्या बाजारात वर्षानुवर्षं ठरलेल्या व्यापाऱ्यांकडून मासा घेतो. (जुना त्सुकिजीचा घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८मध्ये तोयोसुला हलला. त्सुकिजीचा बाहेरचा बाजार अजून तिथेच आहे, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो.) तुमच्यासमोर तोच कापतो, तोच दाबतो, आणि तुमचा घास संपलेला पाहूनच पुढची निगिरी करायला घेतो.

साधारण किती खर्च येतो?

रात्रीच्या जेवणाला माणशी २० हजार ते ५० हजार येन धरून चला. नावाजलेल्या ठिकाणी याहून जास्तही लागतात. येनचा भाव हलता असतो, पण ३० हजार येन म्हणजे अंदाजे सतरा-अठरा हजार रुपये. वर दारूचे पैसे वेगळे. सांगितलेल्या किमतीत १० टक्के कर धरला आहे का, हे बुकिंग करतानाच पाहा; काही ठिकाणी, विशेषतः हॉटेलांत, सेवाशुल्कही लागतं.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी दुपारी जायला सांगतो. अनेक चांगली दुकानं दुपारी तोच भात आणि तोच हात निम्म्याहून कमी पैशांत देतात. फक्त सुरुवातीचे छोटे पदार्थ नसतात. पहिल्या भेटीला निगिरीच पुरेशा आहेत.

बुकिंग कसं करायचं? ते लोक परदेशी माणसाला घेतात का?

बहुतेक घेतात. सोपा मार्ग म्हणजे तुमच्या हॉटेलचा कॉन्सिअर्ज, म्हणजे पाहुण्यांची अशी कामं करून देणारा माणूस. तारीख, माणसं आणि पथ्यं एकाच मेलमध्ये लिहून निदान महिनाभर आधी पाठवा. ताबेलॉग, टेबलचेक, ओमाकासे अशा संकेतस्थळांवरूनही थेट जागा मिळते. तिथे कार्डाचा नंबर आधी द्यावा लागतो.

काही दुकानं अनोळखी माणसाला घेतच नाहीत, जुन्या गिऱ्हाइकाची ओळख लागते. यात परदेशी-देशी असा भेद नाही. टोकियोत जन्मलेल्यांनाही तिथे जागा मिळत नाही. नावाजलेले सुशी-आचारी ओनो जिरो यांच्या गिन्झातल्या दहा खुर्च्यांच्या तळघरातल्या दुकानाला मिशेलिन या रेस्टॉरंटांच्या मार्गदर्शिकेचे तीन तारे होते. २०१९च्या शेवटी आलेल्या यादीतून ते दुकान वगळलं गेलं, कारण तिथे सर्वसामान्यांना थेट बुकिंग मिळत नव्हतं. खाण्याच्या दर्जाचा त्यात प्रश्न नव्हता. अशा नावांमागे सुट्टी घालवू नका.

तोयोसुचा बाजार रविवारी आणि बऱ्याच बुधवारी बंद असतो, त्यामुळे दुकानंही बहुधा त्याच दिवशी बंद. आठवड्याचा बेत करताना हे आधी पाहा.

मेनूकार्डच नाही म्हणे. मग मागवायचं कसं?

मागवायचं नाही. ‘ओमाकासे’ म्हणजे ‘तुमच्यावर सोपवलं’. काय आणि कोणत्या क्रमाने द्यायचं ते ताइशो ठरवतो. महागड्या दुकानांत आता बहुतेक हाच एक प्रकार असतो. काही जुन्या दुकानांत ठरावीक ताट (ओकिमारी) किंवा आवडीप्रमाणे एकेक (ओकोनोमी) मागवता येतं. सगळं संपल्यावर मात्र ताइशो बहुतेक वेळा विचारतो, अजून काही हवंय का? तेव्हा आवडलेली निगिरी पुन्हा मागा. त्याला ते आवडतं. त्याचे पैसे वेगळे लागतात.

क्रमाने काय काय येतं?

प्रत्येक दुकानाचा क्रम वेगळा, पण चाल साधारण अशी: आधी हलक्या चवीचं, मग चरबीचं, मग समुद्राच्या उग्र चवीचं, शेवटी गोडसर. आपल्या मासळीच्या शब्दांत सांगतो.

सुरुवातीला पांढऱ्या मांसाचा मासा किंवा माकूल. मग चंदेरी कातडीचे मासे. त्यातला कोहादा नीट लक्ष देऊन खा. हा हेरिंगच्या कुळातला छोटा मासा, आपल्या तारलीचा लांबचा नातलग. त्याला मीठ किती वेळ आणि व्हिनेगर किती वेळ, हे त्या दिवशीच्या माशाच्या आकारावर आणि चरबीवर ठरतं. बाजारात तो महाग नसतो, त्यामुळे पैशाने ही चव विकत घेता येत नाही. दुकान कसं आहे ते मी कोहादावरून ओळखतो. मुरवलेला साबाही येतो, तो बांगड्याच्या कुटुंबातला.

मग मागुरो, म्हणजे ट्युना, आपल्याकडचा कुपा. पण इथला निळ्या पराचा, थंड पाण्यातला, प्रचंड मोठा. त्याचे तीन भाग: लाल आकामी, मध्यम चरबीचा चूतोरो, पोटाकडचा ओतोरो. जोडून दिले तर फरक लगेच कळतो. ओतोरोचं आज एवढं कौतुक आहे, पण एदोच्या काळात चरबीचा हा भाग कुणाला नको असायचा. तेव्हा मान होता तो लाल मांसाला, सोयात मुरवून. उत्तरेकडच्या आओमोरीतल्या ओमा बंदराचा मागुरो सगळ्यांत नावाजलेला. जानेवारी २०१९च्या पहिल्या लिलावात तिथला २७८ किलोचा एक मासा ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. तो आकडा नव्या वर्षाच्या शुभमुहूर्ताचा आणि प्रसिद्धीचा होता. त्यावरून एरवीचे भाव काढू नका.

पुढे उकडलेली कुरुमा कोळंबी, गोडसर पाण्यात शिजवून मुरवलेला मोठा शिंपला (तिसऱ्यांचा थोरला भाऊ समजा), समुद्री साळिंदराच्या आतला मऊ गर म्हणजे उनी, सॅमनची अंडी. उनी आणि अंडी भातावर टिकत नाहीत, म्हणून भाताभोवती नोरीची (समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या पापुद्र्याची) भिंत करतात. त्या आकाराला गुंकान म्हणजे युद्धनौका म्हणतात, आणि १९४१ साली गिन्झातल्या क्युबेई या दुकानात तो पहिल्यांदा झाला असं मानलं जातं. हा घास आला की सगळ्यांत घाईने तोंडात टाका. नोरी ओली झाली की तिचा कुरकुरीतपणा गेला.

शेवटाकडे अनागो, आपल्या वामेसारखा, इतका मऊ शिजवलेला की काड्यांनी उचलला तर तुटतो, वर त्याच्याच रसाचा आटवलेला गोड थर. मग तामागो, म्हणजे अंड्याची वडी. काही दुकानांत ती कोळंबी वाटून घालून केकसारखी भाजतात. ती आली की समजा जेवण संपत आलं.

हाताने खाल्लं तर चालेल का?

चालेल. मी हातानेच खातो, आणि आपल्या माणसाला हे सांगायला मला आनंद होतो. काड्या वापरल्या तरी कुणी काही म्हणत नाही. साशिमी मात्र काड्यांनीच. बोटं पुसायला गरम टॉवेल किंवा छोटं ओलं फडकं दिलेलं असतं.

एक निगिरी होताना जवळून पाहा. ताइशो डाव्या हातात मासा घेतो, उजव्या हाताने लाकडी भांड्यातून भात. बोटाच्या टोकाने वसाबी, म्हणजे किसलेल्या एका झणझणीत कंदाचा हिरवा गोळा. दोन-चार दाब, एकदा उलटवणं, आणि वरून ब्रशने सोयाचा हात. मग ती तुमच्यासमोर येते. ठेवल्यावर क्षणभर नजर हलवू नका: चांगली निगिरी किंचित खाली बसते, श्वास सोडल्यासारखी. आत दाण्यांमध्ये हवा ठेवलेली असते, म्हणून. भात अंगाच्या उबेइतका असतो, मासा त्याहून थंड, आणि तोंडात दोन्ही एकदम विरघळायला हवेत. हे फार तर अर्धा मिनिट टिकतं. म्हणून आली की खा, एकाच घासात खा. शेजारचा थांबलाय का ते पाहू नका. आपल्याकडे सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत थांबायची पद्धत आहे, ती इथे विसरा.

सोया सॉस, वसाबी, आलं: काय कशात बुडवायचं?

बहुतेक वेळा काहीच नाही. मिरिन (स्वयंपाकात वापरायची गोड तांदळाची दारू) किंवा साके (तांदळाची दारू) घालून उकळलेला सोया (निकिरी) आधीच लावलेला असतो. वाटी दिली असेल तर निगिरी आडवी करून माशाची बाजू टेकवा. भात बुडवला तर तो सुटतो आणि खारट होतो. वसाबी सोयात कालवू नका. ती आत घातलेली असते. कमी हवी असेल तर सुरुवातीलाच सांगा. खरी वसाबी शार्कच्या कातडीच्या किसणीवर आयत्या वेळी किसतात. तिची झणझण मिरचीसारखी जिभेवर राहत नाही, नाकात जाते आणि निघून जाते. लोणच्याचं आलं दोन निगिरींच्या मध्ये तोंड साफ करायला असतं. ते सुशीवर ठेवून खाऊ नका.

सॅमन मागितला तर चालेल?

मागू शकता, पण बहुधा नसेल. जपानमध्ये सॅमन परंपरेने शिजवून किंवा खारवून खात. कच्च्या सॅमनची सुशी रुजवली ती नॉर्वेने, १९८०च्या दशकापासून आपला मासा खपवण्यासाठी इथे मोहीम चालवून. पट्ट्यावरच्या दुकानांत तो लाडका आहे, जुन्या पद्धतीच्या काउंटरवर बहुतेक नसतो.

मी शाकाहारी आहे. सोबत जाऊन थोडंफार काही खाता येईल का?

मनापासून सांगतो, जाऊ नका. इथे थोडंफार असं काही नसतं. काकडीची किंवा लोणच्याची माकी (नोरीत गुंडाळलेली भाताची वळकटी) करून देतीलही, पण कानप्यो (दुधी भोपळ्याच्या सुकवलेल्या पट्ट्या) आणि अंड्याची वडी यांत अनेकदा सुकवलेल्या बोनितो माशाचं दाशी पाणी असतं, सूपमध्ये तर असतंच, आणि काही ठिकाणी निकिरीतही. अनेक दुकानं शाकाहारी पाहुणा असेल तर बुकिंगच नाकारतात. त्याचा राग मानू नका. त्यांच्याकडे तुम्हाला द्यायला खरंच काही नसतं.

त्या संध्याकाळी शाकाहाऱ्यांनी बौद्ध मठांच्या परंपरेतलं शोजिन जेवण घ्यावं. तेही तितकंच कसबी असतं. तिथेही ‘माशाचं दाशी नको’ हे बुकिंगमध्ये लिहा, कारण हॉटेलांतल्या शोजिनमध्ये कधी कधी ते वापरतात. दारूही वर्ज्य असेल तर मिरिनबद्दल विचारा.

बुकिंग झालं आणि मग लक्षात आलं, त्या दिवशी संकष्टी आहे. आता?

हा प्रश्न दर वर्षी येतो. लगेच कळवा आणि तारीख बदलून मागा. दोन-तीन दिवस आधीपर्यंत बऱ्याच ठिकाणी पूर्ण पैसे कापत नाहीत. त्याच दिवशी रद्द केलं तर बहुतेक ठिकाणी सगळे पैसे जातात.

एकदा माझ्यासोबत आलेल्या काकूंना खुर्चीत बसल्यावर आठवलं. ताइशोने काहीही न बोलता त्यांना काकडीची आणि उमेबोशीची (खारवलेल्या आंबट फळाची) माकी करून दिली. पण काउंटरच्या पलीकडे, लाकडी पेटीत, आमच्या संख्येने मोजून ठेवलेल्या माशाच्या तुकड्यांमधली एक रांग शेवटपर्यंत तशीच राहिली. ती मला अजून दिसते. तेव्हापासून तारीख ठरवण्याआधी मी सगळ्यांना कालनिर्णय उघडायला लावतो: संकष्टी, एकादशी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार, घरातल्या ज्याचा जो वार असेल तो.

कच्च्या माशाने त्रास होईल का? गरोदर असेन तर?

चांगल्या दुकानात धोका कमी असतो, शून्य नसतो. कच्च्या समुद्री माशात अनिसाकिस नावाची अळी असू शकते. उणे २० अंशांवर २४ तास गोठवलं किंवा नीट शिजवलं तर ती मरते. वसाबी, व्हिनेगर किंवा सोयाने मरत नाही. आचारी डोळ्यांनी तपासून काढतात. खाल्ल्यावर काही तासांत पोटात जोराच्या कळा आल्या तर डॉक्टरकडे जा आणि कच्चा मासा खाल्ल्याचं सांगा.

गरोदर बायकांनी मागुरोसारखे मोठे मासे बेतानेच खावेत, असं इथलं आरोग्य मंत्रालयही सांगतं, कारण त्यांत पारा जास्त असतो. कच्चं खावं की नाही हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. कोळंबी-शिंपल्यांची अ‍ॅलर्जी असेल तर बुकिंगमध्ये लिहा. काउंटरवर सांगितलं तर उशीर झालेला असतो. हात, सुरी, फळी सगळ्यांना एकच असते, त्यामुळे अ‍ॅलर्जी जीवघेणी असेल तर हा बेत सोडून द्या.

लहान मुलांना नेता येईल?

बहुतेक ठिकाणी नाही. वयाची अट दुकानागणिक वेगळी असते, आणि नेलंच तर मुलाचेही पूर्ण पैसे पडतात. पट्ट्यावरच्या दुकानाबद्दल वर लिहिलं आहे.

कपडे काय घालायचे?

स्वच्छ, साधे. टाय लागत नाही. हाफपँट आणि चपला नकोत. अत्तर मात्र अजिबात नको, केसाला वासाचं तेलही नको. दहा खुर्च्यांच्या खोलीत एकाचा वास सगळ्यांच्या भातात जातो. बांगड्या, कडं, धातूचं घड्याळ काढून ठेवा. काउंटर बहुधा हिनोकी या जपानी लाकडाच्या एकसंध फळीचा असतो, तो रोज घासून जपलेला असतो आणि त्यावर ओरखडा उठतो. फोनही त्यावर उपडा टाकू नका.

फोटो काढू का?

आधी विचारा. सुशीचा फोटो बरेच जण काढू देतात. ताइशोचा किंवा शेजारच्यांचा नाही. व्हिडिओ नको. एक फोटो, लगेच घास. का, ते हाताने खाण्याच्या प्रश्नात आलंच आहे.

ट्रेन चुकली, दहा मिनिटं उशीर होतोय. काय करू?

फोन करा, हॉटेलकडून करवून घ्या, पण कळवा. सगळे पाहुणे एकदम बसतात आणि भात त्या वेळेला धरून शिजवलेला असतो. टोकियोच्या स्टेशनांवर चुकीच्या दाराने बाहेर पडलं तर पंधरा मिनिटं सहज जातात, म्हणून दुकान आधी शोधून ठेवा. अनेक दुकानं तळघरात किंवा आठव्या मजल्यावर असतात आणि पाटी हाताएवढी असते.

दारू घेत नाही. वाईट दिसेल का?

नाही. चहा मिळतो, तो फुकट असतो आणि सुशीबरोबर तोच उत्तम लागतो.

पोट मध्येच भरलं तर?

‘शारी सुकुनामे दे’ म्हणा, म्हणजे भात कमी. हे आधीच सांगितलं तर जास्त बरं. पानात टाकू नका, शेवटचे दोन घास नको असतील तर सरळ नको म्हणा.

जपानी येत नाही. निदान काय बोलावं?

खायच्या आधी ‘इतादाकिमासु’, आवडलं तर ‘ओइशीइ’, निघताना ‘गोचिसोसामा देशिता’. बिलासाठी ‘ओकाइकेइ ओनेगाइशिमासु’. चहाला ‘आगारी’, सोयाला ‘मुरासाकी’, बिलाला ‘ओआइसो’ हे शब्द ऐकू येतील, पण ते दुकानवाल्यांचे आपसातले; पाहुण्याने ते वापरू नयेत. आणि माशाचं नाव विचारायला लाजू नका. बऱ्याच काउंटरवर चित्रांचं पुस्तक ठेवलेलं असतं, ताइशो त्यात बोट ठेवून दाखवतो.

टिप किती ठेवायची?

काहीच नाही. ठेवलीत तर कुणीतरी पैसे परत द्यायला धावत येईल. घरून आणलेला चिवडा किंवा चिक्कीही काउंटरवर काढू नका. द्यायचीच असेल तर निघताना, बंद डब्यात. ताइशो किंवा त्याचा शिकाऊ दारापर्यंत येतो आणि तुम्ही वळेपर्यंत वाकून उभा राहतो. कोपऱ्यावर पोचलात की एकदा मागे वळून पाहा, आणि तुम्हीही मान लववा.

कुठेच जागा मिळाली नाही आणि परवा विमान आहे. काय करू?

दोन उपाय. संकेतस्थळांवर आदल्या दिवशी रद्द झालेल्या जागा दिसतात. एकटे असाल तर एक खुर्ची मिळण्याची शक्यता बरीच असते. नाहीतर ‘ताचिगुई’, म्हणजे उभ्याने खायचं सुशीचं दुकान शोधा. त्यातली काही नावाजलेल्या दुकानांनीच काढलेली आहेत. अशा ठिकाणी बहुधा एकेक निगिरी मागवता येते, आणि तिथे पहिल्यांदा कोहादाच मागा.